सीपीयू म्हणजे डबा नव्हे!

आपल्याकडे संगणकाच्या त्या उभ्या लोखंडी डब्याला सगळे सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि सीपीयू. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्येही असंच लिहिलेलं असतं, ‘सीपीयू - १० नग’. खरं तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर. डब्याच्या पोटात, मदरबोर्डावर, पंख्याखाली झाकलेला, नारळाच्या वडीएवढा एक चौकोनी तुकडा. डबा तो डबा आणि सीपीयू तो सीपीयू.

तुम्ही म्हणाल, आत्या निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लोकांच्या चुका काढायचं काही सोडत नाही. पण ही चूक साधीसुधी नाही, महागातली आहे. ‘तुमचा सीपीयू जुना झालाय, बदलावा लागेल’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते त्यालाच ठाऊक. आपल्याला मात्र ‘सगळा डबा बदला’ असंच ऐकू येतं. दोन-अडीच हजारांत होणारं काम पस्तीस-चाळीस हजारांवर जातं. कारण काय, तर एक शब्द भलत्याच वस्तूला चिकटला आहे!

दुसरा शब्द ‘जुना’. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शब्दाशी थोडं भांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मोडका, जुना आणि कालबाह्य हे तीन वेगळे शब्द आहेत. मोडका म्हणजे जो चालत नाही. जुना म्हणजे ज्याचं वय झालं आहे; माझंही झालं आहे, पण मी चालते. आणि कालबाह्य म्हणजे ज्याला काळाच्या बाहेर काढलं आहे. आता काळ काही कुणाला स्वतः बाहेर काढत नाही, काढणारं कुणीतरी असतं. ते कोण, हे विचारायला हवं. आपण विचारत नाही, भंगारवाल्याला फोन करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घरातला डेस्कटॉप संथ झाला म्हणून तो फेकून देणं हा बहुतेक वेळा अडाणीपणा आहे. हा अडाणीपणा आपल्याला शिकवला गेला आहे आणि त्यावर कुणाचा तरी धंदा चालतो.

माझा संगणक २०१२ सालचा आहे, जोडून घेतलेला. एच६१ जातीचा मदरबोर्ड आणि त्यावर कोअर आय३-२१०० हा प्रोसेसर. दोन कोअरचा, म्हणजे दोन हातांनी काम करणारा. काही वर्षांपूर्वी तो रडतखडत चालायला लागला. एका दुकानात दाखवला, तर त्या मुलाने डबा उघडलासुद्धा नाही. ‘मॅडम, हे आता म्युझियममध्ये ठेवा’ म्हणाला. पुण्यातल्या भाच्यानेही फोनवर तेच सांगितलं, ‘आत्या, किती दिवस त्या डबड्यावर बसणार? मी लॅपटॉप पाठवतो.’ प्रेमाने म्हणाला, ते मला कळतं. पण प्रेमाने दिलेला सल्लासुद्धा तपासून घ्यावा लागतो.

मी तपासला. आधी आजार कशाचा ते पाहिलं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर आणि लिनक्समध्ये सिस्टिम मॉनिटर नावाची खिडकी असते. रोजचं काम करताना ती उघडी ठेवायची आणि बघत बसायचं. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा. तिथे एसएसडी बसवा, प्रोसेसरला हात लावू नका. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम वाढवा. हे दोन्ही ठीक असून प्रोसेसरचा आकडा सारखा शंभरला टेकत असेल, तरच प्रोसेसरचं बघा. डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध देतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नाडी न बघताच थेट तिरडी बांधायला घेतो.

माझ्याकडे एसएसडी होती, रॅमही आठ जीबी होती. दमत होता तो प्रोसेसर. का दमत होता? तो म्हातारा झाला म्हणून नव्हे. प्रोसेसरमध्ये झिजण्यासारखं जवळजवळ काही नसतं. २०१२ साली सेकंदाला जेवढी गणितं करत होता तेवढीच आजही करतो. वाढलं आहे ते ओझं. वेबपानं जड झाली, ब्राउझर एकेका पानासाठी वेगळी प्रक्रिया चालवायला लागला. व्हिडिओचंही तेच. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी बांधलेले असतात. २०११-१२च्या चिपमध्ये जुन्या एच.२६४ पद्धतीची गाठ सोडवायला वेगळी सोय होती, या नव्या गाठींसाठी नाही. त्यामुळे ते सगळं काम प्रोसेसरला हातांनी करावं लागतं. बैल तोच आहे, गाडीत पोती कुणीतरी वाढवली आहेत. आणि वर बैलालाच नावं ठेवायची!

डेस्कटॉप हा मुळात उघडण्यासाठी केलेला असतो. प्रोसेसर मदरबोर्डाला डकवलेला नसतो, सॉकेटमध्ये बसवलेला असतो, होल्डरमध्ये दिवा बसवतो तसा. माझ्या बोर्डाचं सॉकेट ११५५. इंटेलच्या कोअर मालिकेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसतात. म्हणून तिसऱ्या पिढीतला आय५-३४७० घेतला. चार कोअरचा, म्हणजे दोन हातांचे चार हात झाले. वापरलेला होता, जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दोन हजारांच्या आत मिळाला. तिसऱ्या पिढीसाठी माझ्या बोर्डाचं बायोस आधी नवं करून घ्यावं लागलं. हे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं असतं, आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो. आमच्याकडे वीज जाण्याला मुहूर्त लागत नाही, म्हणून शेजारून यूपीएस मागून आणला. मग पंखा काढला, वाळलेली पेस्ट पुसली, खटका उचलला, जुना काढला. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नवा ठेवला. ठेवला म्हणते, दाबला नाही. कारण या सॉकेटमध्ये केसांसारख्या बारीक पिना असतात आणि त्या वाकल्या की संपलं. वर मुगाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर पंखा. सगळं मिळून दीड तास, तोही मधल्या चहासकट. वयाच्या सत्तरीत मला जमलं ते ‘आम्हाला त्यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींना का जमू नये?

हे झालं घरातलं. आता जे बोलायचं आहे ते मोठं आहे.

१९९०च्या दशकात सॉकेट ७ नावाचं एक सॉकेट होतं. त्यात इंटेलचा पेंटियम बसायचा, एएमडीचा के६ बसायचा आणि सायरिक्सचा ६एक्स८६ही बसायचा. तीन कंपन्या आणि खुर्ची एक! त्याच काळात खुद्द इंटेल ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाचे प्रोसेसर विकत असे. जुना ४८६ संगणक फेकू नका, त्यात हा बसवा, असं कंपनीच सांगायची. १९९७ साली पेंटियम २ आला तो स्वतःची वेगळी खाच घेऊन, आणि ती एक खुर्ची मोडली. पुढे तर इंटेलची सॉकेटं पिनकोडासारखी बदलत गेली. २००९ साली ११५६, २०११ साली ११५५, २०१३ साली ११५०, २०१५ साली ११५१, २०२० साली १२००, २०२१ साली १७००, २०२४ साली १८५१. पंधरा वर्षांत सात! प्रत्येक वेळी नव्या प्रोसेसरसाठी मदरबोर्डही नवा. काही बदलांना तांत्रिक कारणं असतील, मी ते नाकारत नाही. पण सगळ्यांना?

२०१७ सालचं उदाहरण घ्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलच्या आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेट तेच, ११५१. आकार तोच, टेकण्याचे बिंदू तेवढेच. तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ते चालणार नाहीत असं कंपनीने जाहीर केलं. वीजपुरवठ्यासाठी पिनांची मांडणी बदलली, हे कारण. आणि झालं काय, तर हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून तेच नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. म्हणजे दार भिंतीत बुजवलेलं नव्हतं, नुसती कडी लावलेली होती.

त्याच २०१७ सालात एएमडीने पहिल्या रायझन प्रोसेसरांबरोबर एएम४ हे सॉकेट लोकांपुढे आणलं. पिढ्यांमागून पिढ्या त्याच सॉकेटमध्ये बसत गेल्या; अगदी जानेवारी २०२४मध्येही त्यासाठी नवा प्रोसेसर बाजारात आला. पण एएमडीला लगेच हार घालायला नको. मे २०२०मध्ये तिनेही जाहीर केलं होतं, की येणारी पिढी जुन्या बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी जगभर आरडाओरडा केला आणि त्याच महिन्यात कंपनीने बी४५० आणि एक्स४७० बोर्डांपुरता निर्णय फिरवला. २०२२ साली तर २०१७च्या पहिल्यावहिल्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. दोन वर्षांपूर्वी जे जमणार नव्हतं ते जमलं! काय बदललं होतं? बोर्ड तेच, पिना त्याच. लोक ओरडले आणि कंपनीचं मन बदललं.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. समजा, २०१७च्या उन्हाळ्यात एकाच सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांनी संगणक घेतले. एकाने सातव्या पिढीचा इंटेल, दुसऱ्याने पहिल्या पिढीचा रायझन. ५ ऑक्टोबर २०२१ला विंडोज ११ आलं. त्याच्या अटी म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, आणि प्रोसेसर यादीतला हवा. इंटेलचा मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून पुढचा, रायझनचा दुसऱ्या मालिकेपासून. दोघेही नापास. मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सांभाळ संपला. वाढीव मुदतीची सोय ठेवली, तीही घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. रायझनवाल्याने बायोस नवं केलं, त्याच बोर्डावर पुढच्या मालिकेतला प्रोसेसर बसवला, बायोसमधून टीपीएम चालू केलं आणि तो पास झाला. डबा तोच, रॅम तीच, वायरी त्याच, एक वडी बदलली. इंटेलवाल्याला हा मार्गच नाही, कारण आठव्या पिढीच्या दाराला कडी. दोघांचे संगणक एकाच वयाचे. मग एक ‘आजचा’ आणि दुसरा ‘कालबाह्य’, हे काळाने ठरवलं का? मी वर विचारलं होतं की काळाच्या बाहेर कोण काढतं. उत्तर हे आहे.

आता विरोधी बाजू. शिक्षिका असल्यामुळे वर्गातल्या मागच्या बाकावरचा प्रश्न टाळायची सवय मला नाही.

पहिला मुद्दा सुरक्षेचा. सुरक्षा-सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण मग चालणाऱ्या कोट्यवधी यंत्रांच्या सुधारणा बंद करणं ही कसली सुरक्षा? घराला कुलूप हवं हे पटलं म्हणून घरच पाडायचं नसतं. माझ्या संगणकावर लिनक्स मिंट आहे. त्याला सुधारणा नियमित मिळतात, पैसे पडत नाहीत, युनिकोडमुळे मराठी छान टंकता येतं, आणि लिब्रेऑफिसमध्ये सगळं लिहून होतं. काही ठरावीक सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत हे खरं. ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी विंडोजला धरून राहावं. पण बाकीच्यांचं काय? मेल, वर्तमानपत्र, नातवाशी व्हिडिओवर गप्पा आणि लाइट बिल. एवढ्यासाठी यंत्र बदलायचं?

दुसरा मुद्दा विजेचा. नव्या यंत्रांना वीज कमी लागते, लॅपटॉपला तर खूपच कमी, हेही खरं. पण वीज फक्त वापरताना लागते का? चिप तयार करायला वीज लागते, अतिशुद्ध पाणी लागतं, जगभरातून खणून आणलेले धातू लागतात. दिवसातून दोन-तीन तास चालणाऱ्या घरगुती संगणकाच्या बाबतीत हे आधीच खर्च झालेलं ओझं फार मोठं असतं. ते आपल्या मीटरवर दिसत नाही, एवढंच.

आणि टाकलेला डबा जातो कुठे? कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, उत्पादकांवर जबाबदारी आली. चांगलं झालं. पण दिल्लीतल्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं उघड्यावर सर्किट बोर्ड जाळून, आम्लात बुडवून तांबं-सोनं काढलं आहे, शिसं श्वासात घेतलं आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. आपण घर आवरलं म्हणून खूश, आणि धूर दुसऱ्याच्या पोराच्या छातीत.

तिसरा मुद्दा माझ्या भाच्याचा. ‘आत्या, तुझ्या वेळेची किंमत नाही का?’ आहे बाबा. पण दीड तास देऊन मला माझ्या यंत्राच्या पोटात काय आहे ते कळलं. तू पाठवणार होतास त्या पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डाला कायमचा डकवलेला असतो, बऱ्याचदा रॅमसुद्धा. तो संथ झाला की मी काय करणार? पुन्हा तुलाच फोन करणार. म्हणजे तू मला वस्तू देणार आणि माझ्याकडून ती दुरुस्त करण्याची मुभा काढून घेणार. हा सौदा मला परवडत नाही.

माझ्यापुरतं असतं तर एवढं लिहिलंही नसतं. मी अधूनमधून ज्या शाळेत शिकवायला जाते तिथे संगणक-कक्षातल्या दहा यंत्रांचं निर्लेखन करायचं घाटत आहे. शेरा तयार आहे, ‘कालबाह्य, दुरुस्तीयोग्य नाही’. एकही डबा कुणी उघडून पाहिलेला नाही. नवी यंत्रं कधी येतील ते कुणी सांगत नाही. दरम्यान नववी-दहावीच्या मुलींनी काय करायचं? ज्यांच्या घरी फोन एकच आणि तोही वडिलांच्या खिशात, त्यांना कीबोर्डाला हात लावायला मिळतो तो इथेच. त्या दहांतली सहा-सात यंत्रं थोड्या रॅममध्ये, स्वस्त एसएसडीमध्ये आणि दोन-चार वापरलेल्या प्रोसेसरांमध्ये उभी राहतील, अशी माझी खात्री आहे. बाकीच्यांचे भाग कामी येतील. आणि हा वेडेपणा नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेलं, हजारो शिक्षकांना शिकवलं आणि वर्षानुवर्षं ते चालवून दाखवलं आहे. तिथल्या शिक्षकांना जमतं ते आमच्या गुरुजींना न जमायला काय झालं? मुख्याध्यापकांना मी पत्र दिलं आहे. निर्लेखनाच्या कागदावर सह्या व्हायच्या आधी एक शनिवार मागितला आहे. बघू.

तर मंडळी, मागण्या लिहून ठेवते. एक, मदरबोर्डाच्या खोक्यावर कंपनीने लिहावं की या सॉकेटमध्ये पुढे किती वर्षं नवे प्रोसेसर बसतील. औषधावर तारीख असते, इथे का नको? दोन, जुन्या बोर्डांच्या बायोसच्या फायली संकेतस्थळावरून काढू नयेत. २०१९ साली इंटेलने आपल्या जुन्या बोर्डांच्या अशा फायली काढून टाकल्या. ती किल्ली नसेल तर चालणारं यंत्रही अडतं. तीन, २४ डिसेंबर २०२२ला आपल्या सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. ते चांगलंच, पण माहितीवर थांबू नये, कायद्यापर्यंत जावं. चार, कुठल्याही शाळेत डबा उघडून तपासल्याचा लेखी शेरा असल्याशिवाय संगणकाचं निर्लेखन होऊ नये.

आणि पाचवी मागणी तुमच्याकडे, म्हणजे माझ्या भाचरांकडे आणि वाचणाऱ्या मित्रमंडळींकडे. दिवाळीला येताना मिठाई आणू नका. घरात पडून असलेली रॅम आणा, काढून ठेवलेला प्रोसेसर आणा, डब्यावरचा नंबर तेवढा आधी कळवा. शाळेच्या कामाला येईल. आणि दुकानात कुणी ‘सीपीयू बदलावा लागेल’ म्हणालं तर खिशात हात घालायच्या आधी विचारा, ‘कुठला? डबा की आतला?’ त्याला उत्तर देता आलं नाही, तर यंत्र उचला आणि घरी या.